इस्त्रीचं पाणी

आमच्या लाँड्रीत पाणी म्हणजे वैरी. बाकीच्यांना पाणी म्हणजे जीवन वगैरे. त्यांनी एक दिवस माझ्या इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहून दाखवावं. नळाचं पाणी इतकं जड की साबण घासून मनगटं भरून यायची, पण फेस म्हणून धरायचा नाही. तेच पाणी वाफेच्या इस्त्रीत घातलं की पाणी उडून जायचं आणि आत पांढरा चुना साठायचा. मग इस्त्री खोकायची आणि कुणाच्या तरी काळ्या कोटावर पांढरी पिंक टाकायची. गिऱ्हाईक माझ्यावर डाफरायचं आणि मी दादावर.

दादा माझा थोरला भाऊ. लाँड्री त्याची, इस्त्री माझी आणि काउंटर वहिनीचं. खाली दुकान, वर घर. वरच्या घरात आम्ही तिघं आणि चिमटी. चिमटी म्हणजे दादाची मुलगी, आमच्या घरातलं एकुलतं एक शेंडेफळ. जन्मल्या जन्मल्या तिने दादाचं बोट असं काही पकडलं, दोरीवरच्या चिमट्यासारखं, की सोडायलाच तयार नाही. तेच नाव पडलं. वहिनीचे दिवस दोनदा वाया गेल्यावर झालेली पोर. दादा तिला तळहातावरच्या फोडासारखं जपायचा. तिने शिंक दिली तरी याच्या तोंडचं पाणी पळायचं.

दादाला एक खोड आहे. वस्तू बाजारात तयार मिळते म्हटलं की ती घरी करून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. इस्त्रीसाठी शुद्ध पाण्याचे कॅन मिळतात, सगळे लाँड्रीवाले तेच वापरतात. पण आमचे साहेब नाकाने कांदे सोलणार. "पाण्याची वाफ करायची, वाफेचं पुन्हा पाणी करायचं, चुना खाली भट्टीत राहतो. यात काय एवढं आहे?" असं म्हणून जिन्याखाली त्याने भट्टी मांडली. वरून निघालेली वाफ एका वेटोळ्या नळीतून जायची, नळी गार पाण्याच्या पिंपात बुडालेली, आणि तिच्या टोकाला थेंब थेंब स्वच्छ पाणी.

त्या वेटोळ्याने त्याला फार छळलं. पहिल्यांदा तांब्याची नळी आणली, तर वळवताना चेपली. दुसरी आणली, ती चिरली. शेवटी भंगारवाल्याकडून त्याने जुनी राखाडी नळी आणली, कुठल्याशा पाडलेल्या इमारतीतून निघालेली. उचलताना जड, पण वळवायला लोण्यासारखी. गुडघ्यावर टेकवली आणि कणकेच्या वळ्या करतात तशी वळली. दादा मला हाक मारून म्हणाला, "बघ, हिला माझी भाषा कळते." त्या दिवशी तो इतका खूश होता की माझं टोमणा मारायचंही राहून गेलं.

पाणी मात्र झकास निघालं, हे कबूल करायला हवं. इस्त्री खोकायची थांबली. कोटांवर डाग नाहीत, गिऱ्हाइकांच्या कपाळाला आठ्या नाहीत. दादाने पहिला पेला स्वतः पिऊन बघितला आणि म्हणाला, "गोड लागतंय." मी म्हटलं, "तुला तुझं सगळंच गोड लागतं."

आमचं एक जुनं गिऱ्हाईक म्हणजे मास्तर. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. शर्ट घ्यायला यायचे आणि तास घेऊन जायचे. दादाने मोठ्या कौतुकाने त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला, तसा त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"पाण्याचा कण वाकडा असतो," मास्तर म्हणाले. "एका टोकाला एक ओढ, दुसऱ्या टोकाला दुसरी. म्हणून समोर येईल त्याला ते दोन्हीकडून पकडतं, सोडवतं आणि स्वतःत मिसळून घेतं. मीठ म्हणू नका, साखर म्हणू नका, तुमचा तो चुना म्हणू नका. आणि त्यावरच तर आपण जगतो. रक्त म्हणजे तरी काय, बहुतेक पाणीच. जे विरघळलं ते उचलायचं आणि पार हाडांपर्यंत, मेंदूपर्यंत पोचवायचं. पाणी असं नसतं तर खाल्लेला घास पोटात तसाच पडून राहिला असता."

"मग आमच्या या पाण्यात काय आहे?" वहिनीने विचारलं.

"काहीच नाही. हे उपाशी पाणी. आता याला जे भेटेल ते हे खाणार."

"म्हणजे शुद्धच ना?" दादा म्हणाला.

"शुद्ध तर आहेच," मास्तर म्हणाले, आणि गाडीच्या बॅटरीसाठी एक बाटली भरून घेऊन गेले. नळी कशाची आहे हे कुणी विचारलं नाही. पिंपाला झाकण होतं, नळी दिसतच नव्हती.

मग नळाला गढूळ पाणी यायला लागलं. शुद्धीकरण केंद्रात काहीतरी बिघडलं होतं. पाणी उकळून प्या, असं नगरपालिकावाले गाडी फिरवून सांगून गेले. आम्ही मोठी माणसं उकळून प्यायला लागलो. पण चिमटीचं काय? वहिनीचा जीव टांगणीला. दादाने तिला हसून वेड्यात काढलं. "अख्ख्या गावात नाही इतकं स्वच्छ पाणी आपल्या जिन्याखाली आहे, आणि तू रडतेस काय?"

तेव्हापासून चिमटीची दुधाची पावडर त्या पाण्यात, तिचा भात त्या पाण्यात, प्यायलाही तेच. भट्टीतून पाणी यायचं थोडं, त्यामुळे ते दोघांपुरतंच: इस्त्री आणि चिमटी. आम्ही कुणी त्याला हात लावायचो नाही. एकदा मला ठसका लागला आणि मी तिचा पेला उचलला, तर दादा ओरडला, "ते तिचं आहे, खाली ठेव." नळाचं पाणी पुढे स्वच्छ झालं तरी चिमटीचं पाणी बदललं नाही. चांगलं सोडून साधं कोण देणार?

तिलाही ते आवडायचं. दीड वर्षाची झाली तेव्हा तिच्याकडे मोजकेच पण ठसठशीत शब्द होते. मला, म्हणजे आत्याला, 'आता' म्हणायची, इस्त्रीला 'चूं', मांजराला 'माऊ' आणि पाण्याला 'पाई'. सकाळी आपला पिवळा पेला घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसायची आणि वर बघून म्हणायची, "पाई." दादा हातातलं काम टाकून पेला भरायचा.

मग पोर जेवेना. पोट आवळून धरायची, शौचाला होईना, रात्र रात्र किरकिर. रंग असा उतरला की जणू कुणी सारखी धूत होतं तिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दात येत असतील. मग म्हणाल्या, जंत असतील. मग म्हणाल्या, पोट साफ होत नाही तर पाणी भरपूर पाजा.

दादाने भट्टी दिवसभर चालू ठेवली.

आणि तिचे शब्द जायला लागले. आधी माऊ गेली. मांजर समोरून गेलं तरी ही नुसती बघत राहायची. मग चूं गेला. मी इस्त्रीची वाफ सोडून दाखवायची, पूर्वी टाळ्या पिटायची, आता मान वळवायची. एके दिवशी मी तिच्यासमोर बसून म्हटलं, "मी कोण गं?" तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, ओठ हलवले, आणि पुढे काही आलं नाही. वहिनीला मी सांगितलं नाही, पण तिलाही कळलेलं होतं. आम्ही दोघी एकमेकींची नजर चुकवायला लागलो. एक पाई तेवढं राहिलं होतं.

अशात माझी इस्त्री पुन्हा वाफ देईना. मी वैतागले. म्हटलं, एवढं शुद्ध पाणी पाजतोय तरी हिची नाटकं आहेतच. पेचकस घेऊन मी तिचं बूड उघडलं. मला वाटलं वायर गेली असेल. पण आत थर होता. चुन्यासारखा पांढरा, खरखरीत नव्हे, मळकट, राखाडी-पिवळसर. भोकं त्यानेच बुजली होती. मी तो नखाने खरवडला आणि बोटावर घेऊन बघत राहिले. या इस्त्रीत भट्टीच्या पाण्याशिवाय थेंब गेला नव्हता. त्या पाण्यात काहीच नव्हतं. ते उडून गेल्यावर मग हे मागे काय राहिलं?

मास्तर शर्टांसाठी आले होते. मी इस्त्रीचं बूड तसंच त्यांच्यापुढे काउंटरवर ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "भट्टी दाखवा," एवढंच म्हणाले.

मी पिंपाचं झाकण काढलं. मास्तरांनी बाही वर सारून नळीचं वेटोळं बाहेर ओढलं, खिशातल्या किल्लीने त्यावर ओरखडा काढला. राखाडीच्या आत लख्ख चांदीसारखी रेघ उमटली. मग शर्ट गुंडाळायचा कागद घेऊन नळीवर घासला. कागदावर पेन्सिलीने ओढावी तशी काळपट रेघ आली. मास्तर जिन्याच्या पायरीवर खाली बसले.

"हे शिसं आहे," ते म्हणाले. "हे पाणी कुणी पीत नाही ना?"

"नाही," मी सवयीने म्हटलं. "इस्त्रीला घालतो."

आणि मग मला ऐकू आलं. वर, जिन्याच्या टोकाशी, दादा लाडात येऊन म्हणत होता, "अजून एक घोट. शहाणी माझी बाई. अजून एक."

मी कशी चढले मला ठाऊक नाही. पेला तिच्या ओठाला होता. मी फटका मारून तो उडवला, पाणी भिंतीवर गेलं, चिमटी किंचाळली. दादा माझ्या अंगावर धावून आला. "वेड लागलं का तुला? ती आजारी आहे, दिसत नाही?" मी म्हटलं, "दादा, पाण्यातच आहे. तुझ्या नळीत आहे." त्याने चिमटीला माझ्यामागून वर आलेल्या वहिनीकडे दिलं, स्वतःच्या हातावर ठेवायचं धाडस होत नसल्यासारखं.

मोठ्या इस्पितळात रक्त तपासलं. तिथल्या डॉक्टरांनी आकडा सांगितला नाही, आधी खुर्च्या दिल्या. म्हणाले, रक्तातलं शिसं औषधाने बाहेर काढू. हाडांत गेलं आहे ते लवकर निघणार नाही. हाडाला वाटतं हा चुनाच आहे, ते जपून ठेवतं. आणि मेंदूत जे बिघडलं आहे त्याबद्दल ते म्हणाले, वाट बघू.

"शब्द येतील का परत?" वहिनीने विचारलं.

"वाट बघू," ते पुन्हा म्हणाले.

वहिनी दादाला एका अक्षराने बोलली नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तयार होते तिच्या बाजूने बोलायला, त्याच्याही बाजूने बोलायला. तिने फक्त चिमटीचं कुठलंही काम त्याच्या हाती द्यायचं सोडलं. आणि दादाने भट्टी फोडली. नळीचं वेटोळं तो हाताने सरळ करत बसला होता, का कोण जाणे. ती सहज सरळ होत होती.

चिमटीला घरी आणलं त्या दिवशी मी खाली टेबलापाशी होते. तिच्या अंगात थोडा जीव आला होता, गालावर रंगही दिसत होता. वहिनीने तिला जमिनीवर ठेवलं तशी ती डुगडुगत कोपऱ्यात गेली, आपला पिवळा पेला शोधून काढला आणि येऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. जिन्याखाली आता नुसती पिंपाची गोल खूण होती.

तिने दादाकडे वर बघितलं आणि पेला पुढे केला.

"पाई," ती म्हणाली.

दादाने वहिनीकडे बघितलं. वहिनीने मान वळवली, पण नाही म्हणाली नाही. मग दादाने उकळून गार केलेलं नळाचं पाणी आणलं आणि पेल्यात ओतलं. अर्धं खाली सांडलं. चिमटीने एक घोट घेतला. तिला तो गोड लागला नाही. तिने तो थुंकून टाकला, पेला जमिनीवर उपडा केला आणि रिकामा पेला पुन्हा त्याच्यापुढे धरला.

"पाई," ती म्हणाली, आणि तो देईल म्हणून त्याच्याकडे बघत बसून राहिली.