चार आकडे, चार कारणं

सासूबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन दहाला होतं. नऊला पाच कमी असताना त्यांच्या रक्ताची नळी सुनेच्या हातात आली, कारण हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सकाळच्या पाळीला तीच होती.

नाव वाचून तिने क्षणभर नळी मुठीत धरली, मग निमूट मशीनला लावली.

सोडियम लाल अक्षरांत आलं, एकशे एकोणतीस. कालही ते कमीच होतं आणि कागदावर सर्जननी लिहिलं होतं: उलट्यांमुळे. हिमोग्लोबिन कमी, तांबड्या पेशी फुगलेल्या. बरोबर, आई धड जेवतात कुठे? सवयीने तिने जुने रिपोर्ट उघडले. गेल्या महिन्यात कोलेस्टेरॉल तीनशे बारा. घराजवळचे डॉक्टर म्हणाले होते, तळलेलं बंद. स्नायूंना इजा झाली की वाढणारं सीके नऊशे. हाडांचे डॉक्टर म्हणाले होते, जिन्यात घसरल्यात, वाढणारच.

चार आकडे, चार कारणं, आणि एकही न पटण्यासारखं नाही. फक्त चारही एका कागदावर कुणी मांडले नव्हते. तिने पेनने एकाखाली एक मांडले.

भर उन्हाळ्यात आई स्वेटर घालून बसत. आवाज घोगरा झालेला. बाळाला घेतलं की ते अंग चोरायचं, इतके त्यांचे हात गार. त्याच्या दुधाच्या बाटल्या दुपारपर्यंत न धुता तशाच पडलेल्या असत. परवाच ती नवऱ्याला म्हणाली होती, "तुझ्या आईंना हल्ली हात हलवायचाच कंटाळा आलाय." स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं आणि आई बाहेरच बसल्या होत्या.

थायरॉइड मंदावली की सगळं शरीरच असं मंदावतं. अशा माणसाला भूल दिली तर तो शुद्धीवर येईलच याची खात्री कुणी द्यावी? आणि ही एकच तपासणी कुणी लिहिली नव्हती.

"काका, यातच थायरॉइड लावू?" तिने लॅबच्या म्हाताऱ्या इनचार्जना विचारलं.

"डॉक्टरच्या सहीशिवाय? आणि तेही घरच्या माणसाची? मला पेन्शन घ्यायचीय, बाई." त्यांनी तिच्या कागदावर नजर टाकली आणि चष्मा वर सरकवला. "फोन लाव. पण सून म्हणून बोलू नकोस, लॅब म्हणून बोल."

तिने भूलतज्ज्ञ बाईंना फोन लावला.

"मी लॅबमधून बोलतेय. दहाच्या पेशंटचं सोडियम कमी आहे."

"माहितीये. उलट्या होत होत्या."

"कोलेस्टेरॉल तीनशे बारा, सीके नऊशे, पेशी मोठ्या. प्रत्येकाला वेगळं कारण आहे, मॅडम. पण चारही एकाच बाईचे आहेत."

पलीकडे कुणीतरी ट्रे आपटल्याचा आवाज झाला.

"नाडी पंचावन्न होती," बाई सावकाश म्हणाल्या. "मला वाटलं, शांत स्वभाव असेल."

"स्वभाव तसा नाही, मॅडम. मी सून आहे त्यांची."

काकांनी कपाळावर हात मारला.

"लावा थायरॉइड. सही पाठवते. किती वेळ?"

"वीस मिनिटं."

नऊ बावीसला नळी आत गेली. नऊ अठ्ठावीसला वॉर्डमधल्या मावशींचा फोन आला, "लॅबचं झालं का? पेशंटला खाली घ्यायचंय." ती म्हणाली, थांबा. पस्तिसाला पुन्हा फोन, पुन्हा थांबा. नंतरचा फोन काकांनीच उचलला आणि मशीन गरम व्हायचंय म्हणून चक्क थाप मारली. तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती.

नऊ बेचाळीस. शहाण्णव.

थायरॉइड जितकी मंद, तितका हा आकडा चढतो; साडेचारच्या आत हवा होता.

तिने फोनवर सांगितलं. भूलतज्ज्ञ बाई एवढंच म्हणाल्या, "आज नाही करत. आधी औषध, मग ऑपरेशन."

ती वॉर्डात गेली तेव्हा सासूबाई हिरव्या गाऊनमध्ये, दोन चादरी पांघरून स्ट्रेचरवर पडल्या होत्या.

"रद्द झालं म्हणे," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "रात्रीपासून उपाशी ठेवलंत मला, ते फुकटच."

"पुढे ढकललंय, आई. थायरॉइड निघालाय. गोळीने उतरेल. म्हणून तुम्हाला थंडी वाजते, म्हणून हात चालत नाहीत."

सासूबाई बराच वेळ छताकडे बघत राहिल्या. हल्ली त्यांना प्रत्येक उत्तराला वेळ लागायचा. आज पहिल्यांदाच सुनेने तो वेळ थांबून दिला.

"म्हणजे कंटाळा नव्हता तो," त्या म्हणाल्या.

"नव्हता."

तिने चादरीखाली हात घालून त्यांची गार बोटं आपल्या दोन्ही तळव्यांत धरली. सासूबाईंनी हात काढून घेतला नाही.

"चहा तरी आण आता," त्या म्हणाल्या. "कडक."