चौकाबाहेरची भिंत

आमच्याकडे भिंतीवर पांढऱ्या पिठाचा चौकोन, देवीचा चौक, आल्याशिवाय लग्न लागत नाही, मग दारात डीजे कितीही बोंबलो. चौक काढायचा सवाष्णींनीच. विधवेने त्याला पिठाची काडी टेकवायची नाही. चौकाबाहेरची भिंत मात्र कुणाचीही. तिथे कोंबड्या काढा नाहीतर मोटारसायकल, देवी हरकत घेत नाही.

आता अख्ख्या गंजाड गावात माझ्या मधल्या जावेसारखा, सुकीसारखा हात नाही. तिची चित्रं डहाणूच्या हॉटेलांत लागलीत, एका ठिकाणी तर थेट संडासाच्या दारावर. पण तिचा नवरा मागेच गेला आणि लग्न निघालं तिच्याच पोरीचं, कविताचं. म्हणजे चौक आला थोरल्या जावेकडे, पुतळीकडे, जिची गाय कुत्र्यासारखी दिसते, आणि माझ्याकडे, जिची गाय कशासारखीच दिसत नाही.

सुकीने एवढंच मागितलं. "संगीता, चौक बेताचा काढा. बाहेर मला जागा ठेवा. पोरीच्या लग्नाच्या भिंतीला माझं बोट तरी लागू दे."

"तुझीच भिंत हाये, पाहिजे तेवढी घे," मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

सुकीच्या नव्या घरकुलात बिनखिडकीची भिंत एकच. गुलाबी रंगावरच शेण सारवून गेरू फासला. एका बाजूला फ्रिज, दुसऱ्या बाजूला लाइटचा बोर्ड. पुतळीने फ्रिजपासून बोर्डापर्यंत दोरी ताणली.

"मोठेबाय, लहान घे ना थोडा," मी म्हटलं.

"लहान कशाला? तलासरीचं वऱ्हाड येणार. देवीला काय खाटेखाली निजवू?"

खरं दुखणं वेगळंच होतं. सुकीच्या दारात हॉटेलवाल्यांच्या गाड्या थांबतात, हिच्या दारात फक्त गॅसवाला. मी ते तोंडावर बोलले. तीही मग मागे हटली नाही, माझ्या माहेरापर्यंत पोचली. मी ओरडण्यात रंगले असताना बाईने दोरीवरून पांढरी रेघ ओढूनसुद्धा टाकली.

लग्नाची गाणी गाणारी ठकी धवलेरी कोपऱ्यात पान लावत होती. तिने मान हलवली. "पडली ती पडली. चौकाची रेघ पुसत नाय."

उरली किती जागा? बोर्ड आणि दाराची चौकट यांच्यामधली वीतभर पट्टी. मला पुतळीचा एवढा संताप आला, की देवीचे दागिने रेखताना माझा हात वाकडा चालला. तसाही तो सरळ कधी चालतो म्हणा.

चौक झाला. सुकी तांदळाच्या पिठाची वाटी घेऊन आली, पट्टीकडे बघितलं आणि "पुरे" म्हणाली.

"काय पुरे? तिथे धड एक बाई मावत नाय!"

तिने काडी पिठात बुडवली. पट्टीत खालून चिमुकली माणसं काढायला लागली, एकामागे एक, घरात शिरणारी. माणसं चौकटीला टेकली. मग बया सरळ उंबरा ओलांडून ओटीवर गेली, बाहेरच्या भिंतीलाही गेरू फासला आणि तीच रांग तिथे पुढे नेली.

संध्याकाळपर्यंत बाहेर अख्खी वरात उभी. तारपा वाजवणारा, खुर्च्यांचा टेम्पो, पळणारी कोंबडी, आणि दोरी ताणून नुसती हवा मोजणारी एक जाडी बाई. सगळा पाडा तिच्यापुढे उभा राहून खिदळत होता. पुतळी आली, कंबरेवर हात ठेवून त्या बाईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझा अंबाडा एवढासा नाय."

रस्त्याकडच्या टोकाला मात्र सुकीने माणूसभर गेरू कोरा सोडला होता.

"तिथे पण काढ की. आता जागा आहे तर कंजुषी कशाला?" मी म्हटलं.

"असू दे."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. देवीचा एक डोळा माझ्यामुळे तिरका झाला होता, तरी लागलं. कविता सासरी निघाली. बाहेरच्या भिंतीच्या कडेने चालताना पुतळीच्या चित्राला हसली आणि टोकाशी जाऊन एकदम थांबली.

भिंतीवरच्या वरातीतली सगळी माणसं घराकडे चाललेली. रांगेच्या शेवटी एकटीच बाई उलटी, रस्त्याकडे तोंड करून, हातात वाटी. आणि तिच्यापुढे तो कोरा गेरू. कविता त्या कोऱ्या जागेला पाठ टेकून उभी राहिली, बाईकडे मान वळवली, तर नेमकी त्या जागेत मावली.

"आये, ही तूच ना?"

"चल, गाडी खोळंबलीये," सुकी म्हणाली, पण तिने पोरीचा हात सोडला नाही.

मी भोकाड पसरलं. माझ्या पदराला नाक पुसत पुतळीही रडत होती.

गाडी गेली. कविताच्या पाठीचा घाम गेरूवर उमटला होता. पुतळी ओटीवर पहाऱ्याला बसली, आणि ती जागा तिने कुणाला सारवू दिली नाही.