पेटीत कोंडलेला कान

मित्रांनो, मी कानाचे एक जुने यंत्र आहे, आणि इतकी वर्षे झाली तरी माझा राग गेलेला नाही. तो का, ते आज सांगते.

माझी डबी काडेपेटीहून थोडी मोठी आहे. त्या काळी माझ्यासारखी यंत्रे कानामागे बसत नसत, छातीवरच्या खिशात राहत. डबीच्या जाळीतून मी आवाज आत घेते, मोठा करते आणि वायरीतून कानातल्या बोंडाकडे पाठवते. मुंबईच्या एका लहानशा कारखान्यात माझे भाग जोडले गेले. पोटात सेल बसला तेव्हा मी पहिल्यांदा पंख्याची घरघर ऐकली. मला वाटले, आपण ज्या घरी जाऊ तिथे आपल्याला डोक्यावर घेतील.

मी गेले पाथर्डी तालुक्यातल्या एका वाडीवर, कौतिका नावाच्या मुलीसाठी. तिची आई चांगुणा आणि वडील आसाराम. रान कोरडवाहू, म्हणून दिवाळी झाली की दोघे राहुरीकडे ऊस तोडायला जात. एकदा कौतिका निजलेली असताना चांगुणेच्या हातून हंडा निसटला आणि तिच्या उशाशीच आदळला. बाहेर बैल बिचकले, पोर मात्र हलली नाही.

"गाढ झोपती गं," सासू रंगुबाई म्हणाली. "तिचा बाप बी उशिराच बोलाया लागला."

चांगुणेला ते पटले नाही. पोर कडेवर घेऊन तिने नगरची एस.टी. धरली. तिथल्या दवाखान्यात कौतिकेचे कान तपासले, कानाचा साचा घेतला आणि मला तिच्या हवाली केले. कमी ऐकू येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एक बाई तिथे होत्या. त्या म्हणाल्या, "चांगुणा, हे यंत्र नुसता आवाज पोचवतं. बोलणं तू पोचवायचंस. भाकरी थापताना, पाणी भरताना हिच्याकडे तोंड करून बोलत राहा. बोली शिकायचं वय हेच. एकदा गेलं की मग फार जड जातं."

चांगुणेने झबल्यावर खिसा शिवला आणि मी त्यात बसले. एक दिवस तिने पाठीमागून हाक मारली, "कौतिके!" पोर वळली. चांगुणेने पुन्हा हाक मारली, पोर पुन्हा वळली. मग त्या घरात बोलण्याला खळ राहिला नाही. "ही बघ भाकर. गरम हाय. फुंकर घाल, फू!" थोड्याच महिन्यांत भाकरी दिसली की कौतिका ओठ मिटून "भा" म्हणू लागली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात तेवढा अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. ऊसतोडीला जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. "थंडीवाऱ्यात पोर कुठं नेती? मी हाय की," असे रंगुबाई म्हणाली. चांगुणेने तिला सेल कसा घालायचा, बोंड कसे बसवायचे, सगळे दाखवले आणि रडत गाडीत बसली.

आसारामचा थोरला भाऊ कारभारी याच्या मुलीला, मुक्ताला, पाहायला पाहुणे यायचे होते. सकाळीच कारभारीने मला कौतिकेच्या खिशातून ओढून काढले.

"पावण्यांनी ह्ये बघितलं तर घराण्यातच खोट हाय म्हनतील. मुक्तीला कोन करून घील?"

रंगुबाईने मला फडक्यात गुंडाळले आणि पत्र्याच्या पेटीत टाकले. माझे बटण बंद करायचे कोणालाच सुचले नाही. म्हणून मी सगळे ऐकले. कौतिकेचे रडणे ऐकले. पाहुण्यांच्या कपबशांचा आवाज ऐकला. फडक्यात बोंड डबीला चिकटले होते, त्यामुळे माझाच आवाज फिरून माझ्या जाळीत शिरला आणि माझी बारीक शिट्टी वाजू लागली. मला वाटले, आता तरी कोणी झाकण उघडेल.

"ह्यो आवाज कशाचा?" एका पाहुणीने विचारले.

"उंदरं लई झाल्यात," कारभारी म्हणाला. सगळे हसले. सोयरीक जमली.

पाहुणे गेले तरी पेटी उघडली नाही. बाहेर कौतिकेशी कोणी बोलेना. तिला ऐकूच येत नाही, मग कशाला बोला! सेल संपला आणि मीही मुके झाले. पुढे तो पाझरला आणि माझ्या पोटातली पितळी पट्टी हिरवी पडली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी चांगुणा परतली. अंगणातूनच तिने हाक मारली, "कौतिके!" पोर मातीत रेघा ओढत राहिली.

"यंत्र कुठंय, आत्याबाई?"

"पेटीत हाय. जपून ठिवलंय."

जपून! मित्रांनो, या शब्दाचा मला आजही संताप येतो.

चांगुणेने मला बाहेर काढले. "तुमी यंत्र न्हाई, माजी पोर पेटीत घातली," ती म्हणाली. आसाराम मोठ्या भावापुढे कधी मान वर करत नसे. त्या दिवशी त्याने केली. "उसाचा हंगाम गेला तर फिरून येतो, दादा. पोरीचं ह्ये दिस कुठनं आनायचं?"

नगरला मला साफ केले, नवा सेल घातला. पण कौतिका मला विसरली होती. बोंड कानात घातले की उपटून टाकी. सगळे पहिल्यापासून सुरू झाले. दुष्काळी कामावर खडी फोडताना चांगुणा तिच्याशी बोलत राहिली. पुढच्या हंगामात तिने पोर ऊसतोडीवर सोबत नेली आणि फडाच्या बांधावर, पालात, बैलगाडीत बोलत राहिली. हळूहळू "आई" आले, "भाकर" आले, "ये" आले. 'स' मात्र तिला कधी नीट जमला नाही. गेलेले महिने मला काही परत आणता आले नाहीत.

दुष्काळामुळे लांबलेले मुक्ताचे लग्न अखेर निघाले. कारभारी पुन्हा म्हणाला, "आजच्या दिस तेवढं काढून ठिव."

"न्हाई काढनार, भावजी," चांगुणा म्हणाली आणि कौतिकेला घेऊन बायकांत पुढे जाऊन बसली.

नवऱ्या मुलाची आई केशरबाई कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत होती. शेवटी जवळ येऊन तिने विचारले, "ह्ये काय हाय?"

"कानाचं यंत्र. माज्या लेकीला कमी ऐकू येतं. आता बोलती ती."

केशरबाईचा चेहरा पडला. पदर तोंडाशी नेऊन ती म्हणाली, "माज्या थोरल्या लेकाचा बन्सी... त्याला बी ऐकू येत न्हाई. पाच वर्साचा झाला. सोयरीक मोडंल म्हून आमी कुनाला सांगितलंच न्हाई. भाईर गाडीत बशिवलाय."

मित्रांनो, ऐकलेत? दोन घरे एकमेकांना भीत होती आणि किंमत दोन लेकरे मोजत होती!

चांगुणा उठली, ती कौतिकेला घेऊन थेट गाडीपाशी गेली. छपराच्या आडोशाला नव्या सदऱ्यातला एक मुलगा बसला होता. कौतिकेने त्याची बाही ओढली. "ये," ती म्हणाली. तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. 'ये' म्हणजे काय, हे त्याला आजवर कोणी कळू दिले नव्हते.

चांगुणेने त्याला उचलून खाली घेतले आणि दोन्ही पोरांना पहिल्या पंगतीत शेजारी शेजारी बसवले. मांडवातल्या एकाही मोठ्या माणसाची तिला अडवायची छाती झाली नाही.

तुमच्या घरातले तान्हे बाळ आवाजाने दचकत नसेल तर वाट पाहत बसू नका, ते बाळ त्याच आठवड्यात तपासायला न्या. यंत्र मिळाले तर दिवसभर घाला आणि त्याच्याशी बोला. लोक काय म्हणतील, याची काळजी लोकांना करू द्या. बाळाला ऐकू द्या.