‘गठाण’ची पेटी

मी एक जुनी पेटी आहे. पण मित्रांनो, धान्याची किंवा कपड्यांची नव्हे. माझ्यातून सिनेमा गावोगाव जात असे. हे आधीच सांगून ठेवते, कारण हल्लीची मुले मला पाहून “यात गहू ठेवायचे का?” असे विचारतात आणि मला राग येतो.

अमरावतीच्या एका कारागिराने मला जाड पत्र्यातून घडवले, दोन्ही अंगांना कड्या लावल्या. त्या काळी वऱ्हाडातल्या टॉकीजना सिनेमे पुरवणाऱ्या वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीत होत्या. माझे मालक उत्तमराव त्यांपैकीच एक. ते माझ्यात रिळे भरून मला रेल्वेने धाडत. आज चांदूर रेल्वे, पुढच्या आठवड्यात धामणगाव, मग अकोला. नट-नट्या मुंबईतच राहत. गावात पहिले पाऊल पडे ते माझे. त्यामुळे माझ्या अंगात थोडा ताठा आला असेल, तर तो काही उगाच आलेला नाही.

पुढे रिळे गेली. सिनेमा डबीएवढ्या हार्ड डिस्कवर मावू लागला, मग तर उपग्रहावरून, आकाशातूनच येऊ लागला. उत्तमरावांनी धंदा आवरता घेतला. माझ्यावर आधी कॅलेंडरांची रद्दी आली, नंतर मोडका पंखा आला, आणि शेवटी तर तेवढेही कोणी ठेवेना. मला फार वाईट वाटले. खोटे कशाला बोलू?

अशात एका दुपारी चारुता कचेरीत आली. ती कॉलेजात सिनेमा शिकत होती. सोबत कॅमेरा सांभाळणारा सोहम होता. त्यांना त्यांच्या भयपटासाठी जुनी पेटी हवी होती. बंद पडलेला जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना, त्याच्या आवारात साहेबाचा ओसाड बंगला, तिथे लग्न होऊन आलेली मुलगी, आणि कापूस दाबून बांधलेल्या गठाणींमध्ये कधीकाळी नाहीशी झालेली पहिली बायको, अशी त्यांची गोष्ट. नाव ‘गठाण’. त्या पहिल्या बायकोच्या बांगड्या माझ्यात सापडतात. जन्मभर मी दुसऱ्यांचे सिनेमे वाहिले होते. या सिनेमात मी स्वतः होते. कौतुक स्वतःच करू नये म्हणतात, पण माझे झाकण करकरते तेव्हा भल्याभल्यांच्या अंगावर काटा येतो.

सिनेमा पुरा झाला आणि खरी पंचाईत पुढे आली. तो द्यायचा कोणाच्या हाती? मोबाइलवर सिनेमे दाखवणाऱ्या एका कंपनीचा ललित नावाचा माणूस पुण्याहून आला. बोलायला गोड, वागायला सरळ. तो म्हणाला, “सिनेमा छान आहे, चारुता. आम्ही राज्यभर पोचवू. फक्त संवाद प्रमाण मराठीत पुन्हा रेकॉर्ड करावे लागतील. भूत वऱ्हाडी बोललं की लोक हसतात गं.”

पण ते वऱ्हाडी बोलणे चारुताच्या घरातले होते. ते पुसले तर सिनेमात तिचे काय उरणार? आणि नाही म्हटले तर तो पाहणार कोण? एकदा सही झाली की सिनेमा कंपनीचा होणार होता. ती उत्तमरावांकडे आली.

“काका, तुमीच घ्या ना आमचा पिच्चर.”

“मी मातारा झालो, पोरी. अन् मले दाखवून काय करतं? लोकायले दाखव. धामणगावले, बाजाराच्या दिवशी. त्या ललितलेई बलाव.”

उत्तमरावांची ही जुनी रीत होती. बाजाराच्या दिवशी माल विकून थकलेली माणसे टॉकीजमध्ये येतात. ती कोणाची भीड धरत नाहीत. सिनेमा आवडला नाही तर सरळ उठून जातात.

सिनेमाची हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळून उत्तमरावांनी माझ्यात ठेवली. सोहम हसला. “काका, हे तं खिशात मावते.”

“मावू दे. पेटी नसली तं पिच्चर आला असं वाटतच नाई.”

धामणगावच्या टॉकीजमध्ये उत्तमरावांनी मला पडद्याखाली ठेवले आणि पडद्याकडे पाठ करून माझ्यावर बसले. तोंड लोकांकडे. त्यामुळे मलाही लोकच दिसत होते.

पडद्यावरचे भूत पहिल्यांदा बोलले, “काहून आली वं माह्या घरात?” आणि सगळे थिएटर खो-खो हसले. बाजूच्या दाराशी उभ्या चारुताने मान खाली घातली. पुढे तर गोंधळच माजला. भाजी विकून आलेल्या पार्बताबाई रिकामे टोपले मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या पडद्याकडे पाहून ओरडल्या, “दार उघडू नको वं बाई!” मग मागच्या रांगाही ओरडू लागल्या. भयपट चालू असताना टाचणी पडली तरी ऐकू यावी, असे चारुता कॉलेजात शिकली होती. ती डोळे पुसत बाहेर गेली.

खेळ सुटल्यावर ती ललितला म्हणाली, “तुमचं बरोबर होतं. कागद द्या.” पेन हातात घेतले आणि सहज विचारायचे म्हणून तिने उत्तमरावांना विचारले, “काका, तुमाले कोनता सीन आवडला?”

“मी पिच्चर पाह्यलाच नाई.”

सोहम चमकला. “म्हंजे?”

“माही पाठ होती ना पडद्याकडं. मी लोकायले पाहून राह्यलो होतो. भूत बोललं तव्हा हासले, खरं हाय. पन हासता हासता बाया सरकून एकमेकीच्या अंगाले लागल्या. पार्बताबाई वरडली तव्हा तिनं टोपलं छातीशी गच्च धरलं होतं. गावाकडची गाडी सुटून राह्यली होती, तरी कोनी उठलं नाई. अवं पोरी, परक्या बोलीतल्या पोरीले कोन म्हन्ते, दार उघडू नको?”

चारुता ललितकडे वळली. “आणि तुम्हाला कोणता सीन आवडला?”

ललित खरा माणूस. तो म्हणाला, “लोक हसले तेव्हा मी ऑफिसला तेच कळवत होतो. पुढचं माझ्याकडून नीट पाहिलं गेलं नाही.”

चारुताने पेनला टोपण लावले. “काका, पिच्चर तुमी घ्या,” ती म्हणाली. उत्तमरावांनी नकार दिला नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी काही मनापासून बनवाल. ते कोणाच्या हाती द्यायचे हे ठरवताना घाई करू नका. ज्यांच्यासाठी बनवले त्यांच्या चेहऱ्याकडे जो पाहतो, त्याच्या हाती द्या. आणि घरात माझ्यासारखी एखादी पेटी असेल तर तिला ओलीपासून जपा. तिला अजून काम असू शकते.

‘गठाण’ अकोल्यात लागला. तिथेही लोक आधी हसले. या वेळी चारुताने मान खाली घातली नाही. खेळ सुटल्यावर एक बाई गर्दीतून वाट काढत तिच्याकडे आली आणि तिचा हात धरून तिला रागे भरली, “त्या पोरीनं दार उघडलंच काहून? तू काहून उघडू देलं तिले?”

“चुकलं माह्यं, मावशी,” चारुता म्हणाली.

ती बाई रागातच घरी गेली. इतकी वर्षे मी सिनेमे वाहिले, मित्रांनो. पण एवढी मोठी शाबासकी कोणाला मिळालेली मी पाहिली नव्हती.