पिवळ्या चिंध्या

मल्लाप्पाला पहिला संशय आला तो पिठल्यावरून.

चिकपेट बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं शिंप्याचं दुकान होतं आणि दुकानावरच्या माडीवर घर. घरात माणसं तीन: तो, मुलगा हरी आणि सून सुलभा. हरी सकाळी सातला कारखान्याची बस धरायचा तो दिवेलागणीला परतायचा. त्यामुळं दुपारी जेवायला मल्लाप्पा एकटा आणि वाढायला सुलभा. आणि गेला महिनाभर दुपारी रोज पिठलं.

"आज पण पिठलंच?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला आवडतं ना, मामा."

"आवडायचं. आता भ्यायला लागलोय."

ती हसली नाही. त्याच्या ताटात पिठलं पडलं ते एका छोट्या, झाकून ठेवलेल्या पातेलीतून. नंतर ती स्वतः जेवायला बसली तेव्हा तिनं कढईतलं घेतलं. मल्लाप्पानं हे जिन्यात थांबून बघितलं. दुसऱ्या दिवशीही बघितलं. तिसऱ्या दिवशी बघायची गरज उरली नाही.

त्याआधी काजांचं झालं होतं. एका गिऱ्हाइकाचा सदरा घडी घालताना त्याला दिसलं की वरची दोन काजं त्याच्या हातची नाहीत. चाळीस वर्षं काजं केलेल्या माणसाला आपला टाका ओळखू येतो. दोरा तोच, पण टाका बारीक आणि घट्ट. त्याचं काम कुणीतरी उसवून पुन्हा केलं होतं. दुकानात हात घालणारं कोण आहे, हा प्रश्न त्यानं कुणाला विचारला नाही. मनात ठेवला.

खरं तर त्याला दिसतच कमी होतं. वर्षभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, उन्हाकडं बघितलं की पाणी यायचं. ओठांचे दोन्ही कोपरे फाटले होते, जीभ जांभळट लाल झाली होती आणि साधी भाजीही तिला झोंबायची. म्हणून तो सार-भातावर आला होता. लोक म्हणत उष्णता आहे. त्याला वाटे, बायको गेल्यावर माणूस असाच हळूहळू वाळत जात असेल.

भागुबाईला जाऊन दोन वर्षं होत आली होती. कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत ती गेली. तिची रक्षा घेऊन तो हरीबरोबर श्रीरंगपट्टणला पश्चिमवाहिनीच्या घाटावर गेला होता. तीर्थावर एखादा पदार्थ सोडायची रीत असते. लोक दुधी सोडतात, पेरू सोडतात. ज्यावाचून फारसं अडत नाही असं काहीतरी. मल्लाप्पानं ओंजळीत पाणी घेतलं आणि दूध सोडलं. दूध, दही, ताक, कॉफी, सगळं. भटजीनंही एकदा वर बघितलं. का, ते त्यानं सांगितलं नाही. आणि घरी आल्यावर हरीला एवढंच म्हणाला, की भागुबाईला औषध देणाऱ्या भगवंतराव डॉक्टरच्या हातची कुठलीही वस्तू या घराचा उंबरा ओलांडणार नाही.

तर पिठल्याच्या त्या महिन्यात एका सकाळी परसातल्या चुन्याच्या भिंतीवर त्याला स्वतःच्या लघवीचा रंग दिसला. पिवळाधमक. हा रंग आपण पूर्वी बघितलाय, असं त्याला वाटलं.

भागुबाईच्या आजारात एका वैद्यानं सांगितलं होतं, की रोज सकाळी पांढरी चिंधी लघवीत बुडवून वाळवा. रंग उतरला की कावीळ उतरली. शिंप्याच्या घरात पांढऱ्या चिंध्यांना काय तोटा? रंग मात्र शेवटपर्यंत उतरला नव्हता. तिची शेवटची चिंधी त्यानं सुयांच्या पत्र्याच्या डबीत ठेवली होती. ती डबी त्यानंतर उघडली नव्हती.

आता त्यानं स्वतःसाठी चिंधी घेतली. वाळल्यावर ती पिवळी निघाली. दुसऱ्या दिवशीचीही पिवळी. पण ताप नव्हता, भूक लागत होती आणि आरशात डोळे पांढरे होते. कावीळ असती तर एवढ्यात अंथरूण धरलं असतं, असा त्यानं विचार केला. मग आठवली ती झाकलेली पातेली.

सुलभाचा भाऊ मागे बेळगावहून आला होता, तेव्हा दुकानात उभा राहून म्हणाला होता, "जागा झकास आहे." एवढंच म्हणाला होता. पण संशयाला तेवढं पुरलं.

"उद्यापासून मी दुपारचा गंगव्वाकडं जेवीन," त्यानं सुलभाला सांगितलं.

"का, मामा? माझं काही चुकलं?"

"तूच सांग, काय चुकलं."

ती पदर बोटाला गुंडाळत उभी राहिली. मल्लाप्पानं हेही मनात ठेवलं.

गंगव्वा समोरच्या बोळात पेढ्यांवरच्या एकट्या नोकरमाणसांना जेवू घालायची. ती कानडी, पण तिला मराठी यायची, तिच्या पद्धतीची.

"काय अण्णा, घरात सून असून माझ्याकडं? भांडण?"

"भांडण नाही. पिठल्याचा कंटाळा."

"सरी, बरं. इथं भात, सारू, स्वल्प लोणचं. त्याचा कंटाळा आला तर तिसरं घर शोधा." ती ताकाचा तांब्या घेऊन आली, तेव्हा त्यानं ताटावर हात धरला. "ताक पण नको? मग काय, देवाचं बोलावणं यायची वाट बघता?"

तिसऱ्या दिवशीची चिंधी जवळजवळ पांढरी निघाली. मल्लाप्पानं सगळ्या चिंध्या टाचणीनं एका पुठ्ठ्यावर ओळीनं टोचल्या. सुनेच्या हातचं जेवलो ते दिवस पिवळे, गंगव्वाकडं जेवलो ते पांढरे. आता आणखी पुरावा काय हवा होता? रात्रीचं जेवण तो हरीबरोबर एकाच भांड्यातलं जेवायचा, ते त्याला सुरक्षित वाटायचं. पण हरीला सांगायचं कसं? लग्नाला तीन वर्षं झालेल्या मुलाला बापानं काय सांगावं, की तुझी बायको मला काहीतरी चारते?

त्यानं निपाणीला धाकट्या भावाला कार्ड लिहिलं. 'गुंडो, मी माझं मशीन घेऊन तिकडं येतोय. इथलं अन्न मला मानवत नाही.' कार्ड त्यानं गल्ल्यात ठेवलं. रोज टाकू म्हणायचा आणि रोज राहायचं. हे घर सोडायचं म्हणजे भागुबाईनं शेणानं सारवलेली, नंतर हौसेनं फरशी घातलेली ती खोली सोडायची.

गंगव्वाकडं जेवायच्या तिसऱ्या आठवड्यात ओठांचे कोपरे पुन्हा फाटले. ते मधे भरून आले होते, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं. डोळ्यांतली वाळू परत आली. त्यानं त्याचा अर्थ लावला, की अंगात गेलेलं विष आता बाहेर पडतंय. गंगव्वाच्याच चोळीला त्यानं उजवी बाही डावीकडं लावली. ती नेऊन दिली तेव्हा गंगव्वानं चोळी उलटीसुलटी केली, त्याच्याकडं बघितलं आणि काही न बोलता घडी घालून ठेवली. चार बोलणी बसली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

रविवारी हरी घरी होता. सुलभा पाणी आणायला खाली गेली आणि मल्लाप्पा स्वयंपाकघरात शिरला. फळीवर मागे छोटा खलबत्ता होता. त्याच्या तळाशी पिवळट पूड चिकटली होती. त्यानं बोट लावून वास घेतला. उग्र, औषधी वास होता.

सुलभा घागर घेऊन वर आली, तेव्हा खलबत्ता जेवणाच्या पाटावर ठेवलेला होता आणि बाप-लेक त्याच्या दोन बाजूंना बसले होते.

"हे काय आहे, ते तुझ्या नवऱ्यासमोर सांग," मल्लाप्पा म्हणाला.

तिनं घागर खाली ठेवली. तांदळाच्या डब्यात हात घालून एक तपकिरी बाटली काढली आणि पाटावर ठेवली.

"व्हिटॅमिनच्या गोळ्या आहेत, मामा. रोज एक कुटून पिठल्यात घालत होते. दुसऱ्या कशात रंग लपत नव्हता."

"कुणी दिल्या?"

तिनं बाटली नवऱ्याकडं सरकवली. मग म्हणाली, "भगवंतराव डॉक्टरांनी."

"तुला माहीत होतं?" त्यानं हरीला विचारलं.

"नाही, आप्पा." हरीचा चेहराच सांगत होता.

"मीच गेले होते," सुलभा म्हणाली. "तुमचे ओठ, डोळे कसे झालेत ते सांगितलं. त्यांनी पहिलं हेच विचारलं, दूध घेतात का? म्हटलं, थेंब नाही. ताक? नाही. पालेभाजी? झोंबते म्हणून नाही. मग म्हणाले, नुसत्या पांढऱ्या भातावर जगणाऱ्या माणसाचं असंच होणार. दुधा-ताकात, भाजीत एक सत्त्व असतं, ते पोटात गेलं नाही की तोंड फुटतं, डोळे जातात. ते गोळीत घालून मिळतं. तुमच्या हातात गोळी दिली असती तर तुम्ही बाटली गटारात टाकली असतीत."

"आणि पिवळं कशानं होतं?"

तिनं हरीकडं बघितलं आणि मान खाली घातली. सासऱ्याशी बोलायचा हा विषय नव्हता. "अंगाला लागेल तेवढं लागतं, राहिलेलं बाहेर पडतं. त्या सत्त्वाचा रंगच तसला आहे, असं डॉक्टर म्हणाले."

"डॉक्टर म्हणाले," मल्लाप्पा म्हणाला. "डॉक्टर तेव्हाही पुष्कळ काय काय म्हणाले होते."

हरीनं बाटली उघडली, दोन गोळ्या तोंडात टाकल्या आणि वर तांब्याभर पाणी प्याला. "विष असेल तर उद्या कारखान्याला सुट्टी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बस धरायच्या आधी हरी दुकानात आला आणि कापायच्या टेबलावर एक वाळलेली चिंधी टाकून गेला.

मल्लाप्पा ती घेऊन दाराच्या उजेडात गेला. स्वतःच्या पुठ्ठ्यावरची एक पिवळी चिंधी काढून शेजारी धरली. मग सुयांची डबी काढली. तिचं झाकण गंजलं होतं, कात्रीच्या टोकानं उघडावं लागलं.

डोळ्यांना धड दिसत नव्हतं तरी रंगात तो फसला नसता. त्याची आणि हरीची चिंधी एकाच ठाणातली असावी तशी होती, लिंबाच्या सालीसारखी उजळ. भागुबाईची गडद होती, तळणीच्या जुन्या तेलासारखी. हे दोन पिवळे एकमेकांचे कोणी लागत नव्हते. पहिल्यांदा पिवळं दिसलं त्या सकाळी डबी उघडायची हिंमत केली असती तर त्याला तेव्हाच कळलं असतं.

तो माडीवर गेला. सुलभा तांदूळ निवडत होती.

"काजं पण तूच केलीस?"

"तुम्ही दुपारी पडायचात तेव्हा. गिऱ्हाईक परत घेऊन आलं असतं, मामा. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"टाका चांगला आहे," तो म्हणाला आणि वहाणा घालून बाहेर पडला.

भगवंतरावांचा दवाखाना चार गल्ल्या सोडून होता. दोन वर्षं तो ती वाट टाळून जायचा. डॉक्टरांनी त्याला लगेच आत बोलावलं.

"बसा, मल्लाप्पा. सून चोरून औषध देते म्हणून भांडायला आलात?"

"गोळ्यांचं माझं मी बघितलं. दुसरं विचारायचंय." तो बसला नाही. "ती गेली त्याच्या आदल्या दिवशी तिनं कॉफी मागितली होती. दुधाची, अर्धा पेला. तुम्ही सांगितलं होतं की दूध नाही, कॉफी नाही. मी दिली नाही. तिनं पुन्हा मागितली नाही. दिली असती तर काय झालं असतं?"

बाहेरच्या बाकावर कुणीतरी खोकत होतं. डॉक्टरांनी उठून दार लावलं.

"काही झालं नसतं."

"वाचली असती?"

"नाही. लिव्हर संपलं होतं."

"लवकर गेली असती?"

"नाही." मग ते म्हणाले, "मी पथ्य सांगितलं, कारण घरच्यांना काहीतरी करायला हवं असतं. आता काही पाळायची गरज नाही, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. द्यायला हवी होती तिला कॉफी."

या माणसासाठी दोन वर्षं राखून ठेवलेलं सगळं बोलायची हीच वेळ होती. मल्लाप्पानं शोधलं, पण त्यातलं काही सापडेना. पेला भरून देणं हातात होतं ते त्याच्या. नाही म्हटलं ते त्यानं.

"जीभ दाखवा," डॉक्टर म्हणाले. त्यानं दाखवली. "दूध कधी सुरू करताय?"

"सोडलंय. तीर्थावर सोडलं."

"मग गोळी घ्या. पण गोळीवर माणूस जगत नाही. भाजी खा, मोडाचं कडधान्य खा."

तो घरी आला तेव्हा ताट वाढलेलं होतं. भात, मोडाच्या मुगाची उसळ, मेथी. पिठलं नव्हतं.

"पिठलं कुठाय?"

"तुम्ही भ्यायला लागला होता ना."

त्यानं तळहात पुढं केला. सुलभानं बाटलीतून एक गोळी काढून त्यावर ठेवली. त्यानं ती बोटांत धरून खिडकीच्या उजेडात फिरवली, वास घेतला, मग गिळली. ती हे सगळं उभी राहून बघत होती आणि तिनं बघितलेलं त्यानं बघितलं.

मेथी जिभेला झोंबली. त्यानं घास पाण्याबरोबर उतरवला.

"ताक आहे का?"

सुलभाचा हात थांबला. "तुम्ही सोडलंय ना, मामा."

"मी दूध सोडलंय. आणि कॉफी. ताकाचं तेव्हा मी काही बोललो नव्हतो."

भटजीसमोर म्हटलेला शब्द न् शब्द, ताकासकट, हरीनं तिला सांगितला होता. तरी तिनं वाटी घेतली, रवी बाजूला केली आणि अर्धी वाटी ताक वाढलं.

"आणि कॉफी, मामा? कधी वाटलं तर?"

"ती नको," तो म्हणाला. "ती तिची."

त्यानं वाटी तोंडाला लावली. ओठाच्या फाटक्या कोपऱ्याला ताक झोंबलं, पण वाटी रिकामी होईपर्यंत त्यानं ती खाली ठेवली नाही.