एक अक्षर जास्त

आमचे हे चौतीस वर्षं पाट्या रंगवतात आणि त्यांना वाचता येत नाही. हे गुपित मला एकटीला ठाऊक होतं. पोटच्या मुलीलासुद्धा मी कधी पत्ता लागू दिला नाही. गिऱ्हाईक आलं की मी शिवणयंत्रावरून उठायची, मजकूर कागदावर ठळक लिहून द्यायची आणि हे त्याबरहुकूम अक्षरं काढायचे. अक्षर असं देखणं, की काही घ्यायचं नसताना माणसानं दुकानात शिरावं. यांच्या लेखी ‘क’ म्हणजे क नव्हे, दोन्हीकडे पोट सुटलेला एक आकार. कुणी काही वाचायला पुढे केलं की हे खिसे चाचपून म्हणायचे, ‘चष्मा घरी राहिला.’

तर झालं काय, कोपऱ्यावरच्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या. घरात बसून राहणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी एका दवाखान्यातलं जुनं काचेचं कपाट आणून आपल्या भिंतीबाहेर ठेवलं आणि त्यात स्वतःची पुस्तकं भरली. कुलूप नाही, वही नाही, वर्गणी नाही. ज्याला हवं त्यानं न्यावं, वाटलं तर आणून ठेवावं. शिवाय दर रविवारी सकाळी एकेका घरातल्या मोठ्या माणसानं तिथे बसून पोरांना मोठ्यानं वाचून दाखवायचं.

कपाटावर पाटी हवी होती. नेमकी त्याच आठवड्यात मी बहिणीकडे गेले होते. बाई आमच्या दारात आल्या आणि तोंडीच सांगून गेल्या, ‘पेंटर, वर मोठ्या अक्षरांत लिहा, पुस्तके वाचा.’ लिहून द्या म्हणायची यांना लाज वाटली.

यांच्याकडे जुन्या पाट्यांच्या आकारांची एक वही आहे. वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या पाटीवरून ‘पुस्तके’ मिळालं. पाणीपुरवठा खात्यासाठी यांनी भिंतीभिंतींवर ‘पाणी वाचवा’ रंगवलं होतं, त्याचा आकार शेजारी नळ काढलेल्या पानावर होता. तो उचलला. दोन दिवसांनी मी परत आले, तर कपाटावर झोकात लिहिलेलं: ‘पुस्तके वाचवा’.

‘अहो, हे काय केलंत?’

‘एक अक्षर जास्त आहे हे मला कळत होतं गं,’ हे खाली बघत म्हणाले. ‘कुठलं काढायचं ते कळेना. म्हटलं, कमी पडण्यापेक्षा जास्त बरं.’

मी कपाळाला हात लावला. पण गल्लीनं भलताच अर्थ घेतला. लोकांना वाटलं, आजारी पुस्तकांसाठी दवाखाना निघालाय, कपाटही दवाखान्याचंच होतं. लाँड्रीवाल्यानं मुखपृष्ठ गेलेला शब्दकोश आणला. बस ड्रायव्हरनं मुलीच्या लहानपणचं, कुत्र्यानं चावलेलं गोष्टींचं पुस्तक आणलं. ज्यांच्या घरी कुणी पुस्तकाला हात लावत नव्हतं, त्यांनीही माळ्यावरून काहीबाही उतरवलं. बाई तर यांच्यावर बेहद्द खूश. ‘पेंटर, मी सांगितलं होतं त्यापेक्षा तुमचंच भारी,’ त्या म्हणाल्या.

‘वाचलो,’ घरी येऊन यांनी सुस्कारा सोडला.

‘वाचता आलं असतं तर ही वेळ आली नसती,’ मी म्हटलं. यांना हसू आवरेना, मलाही.

मग आमच्या ओट्यावरच कारखाना सुरू झाला. मी जाड सुईनं पुस्तकांच्या पाठी शिवायची, हे खळ लावून पुठ्ठे चिकटवायचे. आमची नात भिंगरी, वय वर्षं आठ, पानं मोजून द्यायची. तिची आई इस्पितळात नर्स, तिच्या ड्यूट्यांमुळे दोघी आमच्याकडेच राहतात. भिंगरीला आजोबा म्हणजे जगातला सगळ्यात हुशार माणूस. बाईंनी ओट्याशी येऊन ‘पहिल्या रविवारी पेंटरच वाचणार’ असं जाहीर केलं, तेव्हा कार्टी आनंदानं गल्लीभर सांगत सुटली.

यांचा चेहरा उतरला. ‘गल्ली हसली तर हसू दे,’ हे म्हणाले, ‘तिच्या मनातून उतरलो तर मात्र मेलो.’

‘मी आहे ना,’ मी म्हटलं. हे वाक्य मी आजवर किती वेळा म्हटलंय त्याला गणती नाही.

ड्रायव्हरच्या पुस्तकातली एक गोष्ट निवडली, चित्रं नसलेली. भिंगरी शाळेत गेली की मी ती यांना वाचून दाखवायची. यांची स्मरणशक्ती दांडगी. चार दिवसांत गोष्ट तोंडपाठ झाली, कुठल्या शब्दाला पान उलटायचं तेसुद्धा. शुक्रवारी मी ते पुस्तक शिवून पक्कं केलं.

रविवारी सगळी गल्ली जमली. यांनी चष्मा लावला, भिंगरीला मांडीवर घेतलं आणि सुरुवात केली. काय सांगू, एखाद्या नटानं थोबाडीत मारून घ्यावी. मी गर्दीत उभी राहून मनातल्या मनात एकेक वाक्य म्हणत होते. गोष्टीतला म्हातारा नावाडी वादळात सापडला, तेव्हा ड्रायव्हरसुद्धा श्वास रोखून बसला. भिंगरीचं बोट नेहमीसारखं ओळीवरून फिरत होतं. मध्येच ते थांबलं. तिनं मान वळवून आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे पाहिलं, आणि बोट उचलून मुठीत घेतलं. शेवटपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही.

टाळ्या पडल्या. घरी आल्यावर तिनं पुस्तक यांच्यासमोर उघडून ठेवलं.

‘आजोबा, इथे नावाडी घरी पोचलाय. वादळ पुढच्या पानांवर आहे. तुम्ही आधी वादळ वाचलंत.’

शिवताना मधली आठ पानं मी मागची पुढे घातली होती. मी पटकन तोंड घातलं, ‘अगं, आजोबांचा चष्मा...’

‘राहू दे,’ हे मला म्हणाले. यांनी चष्मा काढून खाली ठेवला. ‘बाळा, मला वाचता येत नाही. मी अक्षरं काढतो, चित्रं काढावीत तशी. लहानपणी शाळेऐवजी कामाला लागलो, मग लाज वाटत गेली.’

भिंगरीनं यांच्याकडे पाहिलं. आता रडते की काय, असं मला वाटलं. तिनं यांचा रंग लागलेला अंगठा हातात धरला आणि माझ्याकडे वळली.

‘आजी, तुला माहीत होतं?’

‘होतं.’

‘मग तू शिकवलं का नाहीस?’

मी पुस्तक उचलून उगाच त्याची शिवण तपासायला लागले. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. दिवसातून दहा वेळा ‘अगं, जरा बघ गं’ म्हणत हे यायचे, ते मला हवं होतं. मी यांची अब्रू जपली असं चौतीस वर्षं स्वतःला सांगत आले, आणि आठ वर्षांच्या पोरीनं एका प्रश्नात मला उघडं पाडलं. मला यांच्याकडे बघवेना. यांनी मात्र माझ्या पाठीवर हात ठेवला.

आता रोज संध्याकाळी भिंगरी यांना शिकवते. आकार सगळे पाठ असल्यामुळे यांची गाडी भराभर चालते, जोडाक्षरांत तेवढी अडते. परवा मी काजं करत बसले होते आणि हे एका ओळीवर अडकले. ‘आणि मग राणी... रु... रु...’ मला पाठमोरीलाही शब्द कळला होता. तो अगदी ओठांवर आला. मी दोऱ्याचं टोक दातांत धरलं आणि गप्प बसले.

‘रु... स... रुसली,’ हे म्हणाले. मग पान तसंच धरून माझ्यासमोर आले. ‘अगं, रुसणं तर मला घरबसल्या वाचता येत होतं.’

भिंगरी खो खो हसली. माझे डोळे भरून आले, सुई दिसेना, आणि यांनी माझी वाट न बघता पुढची ओळ वाचायला घेतली.