हिरामणदादांचं कपाट

नव्या ऑफिसची कपाटं मीच निवडणार, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. आमचे मालक उदयसिंह साताऱ्याहून येऊन वाशीत कंटेनरच्या गाड्यांचा धंदा उभा केलेला माणूस. ट्रेलरची पारख आवाजावरून करतील, पण कपाटातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. ऑफिस मी सांभाळते. "विजयमाला मॅडमला विचारा," असं ड्रायव्हरसुद्धा म्हणतात आणि बरोबरच म्हणतात.

शोरूममध्ये शिरल्या शिरल्या साहेब काळ्या काचेच्या, छताला टेकलेल्या कपाटापुढे विरघळले. "पार्टी आली की इम्प्रेशन पडलं पाहिजे," म्हणाले. मी एक खुर्ची ओढली, नव्या ऑफिसात जेवढी जागा उरणार होती तेवढ्याच अंतरावर ठेवली आणि बसले. "उघडा आता." दार थाडकन माझ्या गुडघ्यावर आलं. सेल्समन सॉरी सॉरी करत धावला.

"सॉरी कशाला? हे रोज आमच्या बिलिंगच्या तेजसला लागणार," मी म्हटलं, "आणि वरच्या खणातली फाईल काढताना शिडी कोण धरणार? पार्टी?"

साहेबांनी हात जोडले. मग सरकत्या दारांची पत्र्याची कपाटं घेतली, हात पोचेल एवढ्याच उंचीची.

पण नुसती कपाटं बदलून काय होणार? जुन्या ऑफिसात ज्याचं त्याचं कपाट, ज्याची त्याची चावी. एकाच गाडीचा विमा तेजसकडे, परमिट हिरामणदादांकडे, टॅक्सच्या पावत्या माझ्याकडे. रस्त्यात गाडी अडवली की आम्ही तिघं तीन कपाटांत डोकं खुपसून उभे. त्यात एक जण रजेवर असला की संपलंच. म्हणून मी ठरवलं: गाडीला एक फाईल, फाईलवर गाडीचा नंबर, जड बाडं खाली, रोजचं कमरेच्या उंचीला. चेकबुकं साहेबांच्या तिजोरीत. बाकी सगळ्या कपाटांना चावी एकच, ती माझ्या टेबलामागच्या खिळ्यावर. ज्याला लागेल त्याने घ्यावी.

तेजस खूश झाला. हिरामणदादांचं तोंड मात्र उतरलं. दादा उरणकडचे, धंद्यात पहिली गाडी आली तेव्हापासूनचे. सुट्टीवर जाताना चावी माझ्याकडे देत, पण कुठली फाईल कुठे ते त्यांनाच ठाऊक, म्हणून फोन कायम कानाला.

"माझ्या कपाटाचा कुलूप कोनचा?" त्यांनी विचारलं.

"तुमचं असं कपाटच नाही, दादा. सगळी सगळ्यांची."

"मंग माझा काम काय?"

मी तापट आहे, ते मान्य. "तुम्ही काय कपाटाचे वॉचमन आहात का?" बोलून गेले.

ते खुर्चीत बसले. "ताई, समदा उघडा झाला की मना कोन विचारनार? साहेब उद्या म्हनतील, ह्या म्हाताऱ्याला पगार कशाला?"

मला स्वतःचाच राग आला. चार दिवस हा माणूस माझ्या नव्या कपाटांकडे वैऱ्यासारखा बघत होता आणि मी समजत होते, हट्टीपणा आहे. नोकरी जाईल म्हणून घाबरला होता तो. मी त्यांना हाताला धरून तडक साहेबांच्या केबिनमध्ये नेलं. "कपाटं नवीन आली म्हणून यांना कुणी काढणार नाही, हे यांच्या तोंडावर सांगा. आत्ता."

साहेब हसले. "अहो हिरामणदादा, गाडी अडकली की आरटीओत जाऊन बोलणार कोण? कपाट?"

दादांनी मान डोलावली, पण विश्वास काही बसला नाही. फाईली मात्र त्यांनीच लावून दिल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या धाकट्या मुलीची, जागृतीची हळद होती. रजेवर जाताना दारात थांबून म्हणाले, "काय अडला तर फोन करा. फोन हातातच हाय."

हळदीच्या दिवशी सकाळीच ड्रायव्हर पंढरीचा फोन आला. पनवेलजवळ गाडी अडवली होती, विम्याची आणि परमिटची कॉपी हवी होती. तेजसने चावी घेतली, दार सरकवलं, फाईल काढली, फोटो पाठवले. माझा चहा निवायच्या आत गाडी सुटली. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

दुपारी दादांचाच फोन. मागे बायकांची हळदीची गाणी, धवले, चालली होती. "कोनाचा फोन नाय आला, ताई. गाड्या बऱ्या हायेत ना?"

एक फाईल सापडत नाहीये, असं म्हटलं असतं तर माणूस सुखावला असता. खोटं मला जमत नाही असं नाही, उत्तम जमतं. पण दादांशी बोलवेना.

"पंढरीची गाडी अडवली होती. तेजसने कागद पाठवले, सुटली. तुमची गरज नाही पडली, दादा."

कपाटांच्या बाबतीत मी चुकले नव्हते. या माणसाच्या बाबतीत चुकले असेन तर?

"मोठ्या दोघींच्या हलदीला मी मांडवाच्या भायेर हुबा होतो, ताई," ते हळूच म्हणाले. "कोनची फाईल कुठं, ते फोनवर सांगत. पोरींना हलद लागली ती मी बघलीच नाय."

"दादा, ऐका," मी म्हटलं.

"नको, उद्या सांगा. जागृतीला हलद लावतान," म्हणाले आणि माझं बोलणं अर्धवट तोडून त्यांनी फोन ठेवून दिला.